मुंग्या न लागलेले पापुद्रे

विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि चोथा तीनऐवजी दोनच पाण्यांतून काढायचा असं सुनेच्या नवऱ्याने ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

तसा त्या घराचा धंदा लोकांना हसू येईल असाच होता. गावाबाहेर रसाचा कारखाना होता. रस पिळून झाला की उरलेली सालं, गर, रेषा असा सगळा चोथा कारखाना मागच्या फाटकाबाहेर ओतायचा आणि गाव नाकाला कापड लावून तिथून जायचं. हे घर मात्र तोच चोथा हातगाडीत भरून घरी आणायचं. धुवायचा, शिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा आणि ते दाटसर पाणी ताटांवर पातळ पसरून पत्र्याच्या शेडमध्ये वाळवायचं. वाळलं की ताटावरून एक पातळ, आरपार दिसणारा, किंचित केशरी तुकडा अलगद सुटून यायचा. त्याला घरात पापुद्रा म्हणत. पापुद्र्यात गुंडाळलं की दोन दिवसांत माना टाकणारं अंजीर सहा-सात दिवस टवटवीत राहायचं. खाताना सोलायचं काही नाही, धुवायचं काही नाही. पापुद्र्यासकट तोंडात.

हे शेवटचं लक्षात ठेवायला हवं. सुनेच्या तर ते पुढचे तीन दिवस डोक्यातून गेलंच नाही.

घरात माणसं चार. सासू, जिला सगळे आई म्हणत. तिचा मुलगा. नवऱ्याशी पटेना म्हणून दोन वर्षांपूर्वी माहेरी परत आलेली मुलगी. आणि सून. सुनेचं नाक भलतंच तिखट. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा तिने अंगणात उभं राहून शेजारच्या घरातला सिलिंडर गळतोय हे सांगितलं होतं. तेव्हापासून नणंद तिला नाकवाली वहिनी म्हणायची. पण धंद्यात मान नाकाला नव्हता, जिभेला होता. प्रत्येक घाण्याचा पहिला पापुद्रा आईने खायचा, मग तो बनवायला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्यांनी नखाएवढा तुकडा खायचा, आणि आईने मान हलवली तरच माल घराबाहेर पडायचा. धंदा सुरू केला तो आईनेच. सहा वर्षांत तिची मान कधी चुकली नव्हती. अंजिराच्या बागवानाने एकदा चारचौघांत म्हटलं होतं, "माझा विश्वास पापुद्र्यावर नाही, म्हातारीच्या जिभेवर आहे."

त्या दिवशी नणंदेची पाठ धरली होती, म्हणून सून एकटीच गाडी घेऊन गेली. सकाळचे नऊसुद्धा वाजले नव्हते, पण गाडीची लोखंडी मूठ हाताला चटके देत होती. समोरचा ढीग आदल्या दिवशीचा होता. वर फेस आलेला, आंबट. तिने खालून उकरून उकरून सोळा पाट्या भरल्या. वीस लागत होत्या. बागवान तिसऱ्या दिवशी चाळीस क्रेट अंजिरं घेऊन येणार होता. कमी पडून चालणार नव्हतं. मग तिला भिंतीलगतचा बाजूचा ढीग दिसला. त्याच्या अंगावर ओल होती, उन्हात लकाकत होता. चोथा उन्हात तासाभरात सुकतो, म्हणून ओला म्हणजे ताजा, हे त्या घरात कुणीही सांगेल असं गणित. तिने बाजूच्या ढिगातून चार पाट्या उचलल्या आणि गाडी वळवली.

वळवताना भिंतीआडून शिट्टी आला. कारखान्याच्या मागच्या अंगणाचा हा मुकादम. सतत शीळ घालायचा म्हणून त्याला शिट्टी म्हणत. त्याच्या पाठीवर फवाऱ्याचा पंप होता आणि नळीच्या टोकातून थेंब ठिबकत होते. तिने ते पाहिलं आणि पुढे गेली. डोक्यात फक्त ऊन होतं.

घरी दुसऱ्या पाण्यात हात बुडवले तेव्हा तिला वास आला. आंबटगोड वासाच्या खाली काहीतरी होतं. गंजलेल्या डब्यात औषध ठेवावं तसं, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारं. तिने हात बाहेर काढले, हुंगले, पुन्हा बुडवले.

"अहो, जरा इकडे या. याला वास येतोय."

नवरा चुलाण्यापाशी लाकडं लावत होता. "चोथ्याला वास येणार नाही तर काय फुलांना येणार?"

"तसा नाही. औषधासारखा."

त्याने येऊन वाकून हुंगलं. त्याचं नाक म्हणजे असून नसल्यासारखं. "उन्हाने डोकं भणभणलंय तुझं. पाणी पी."

"तिसरं पाणी घेऊ या ना. आजच्या दिवस."

"विहिरीत उतर आणि बघ किती आहे ते. उद्या प्यायला काय आणायचं?"

तिने बोलायला हवं होतं की भिंतीलगतच्या ढिगातून चार पाट्या आणल्या, तिथे फवारणी चालली होती. पण मग वीसच्या वीस पाट्या फेकाव्या लागल्या असत्या, कारण हौदात सगळं एकत्र झालेलं. आणि बागवान परवा दारात. तिची जीभ रेटेना. तिने स्वतःला समजावलं की पंप नुकताच भरला असेल, फवारणी व्हायची असेल, ओल कशाचीही असू शकते.

चोथा शिजला तेव्हा आई काठी टेकत आली. तिने पळीतला थेंब तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटले. सगळे थांबले.

"छान आहे. पसरा."

सुनेने मात्र ताटाला हात लावला नाही. कारण आईखेरीज घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं की आईची जीभ मेलेली आहे.

हिवाळ्यात आईला मोठा ताप आला होता. ती बरी झाली, हिंडायला लागली, भांडायलाही लागली. पण एके सकाळी सून स्वयंपाकघरात शिरली तर आई पेल्यातलं दूध पीत होती. ते दूध नासलं होतं. गुठळ्या होत्या, वास दारापर्यंत येत होता, आणि आई शांतपणे घोट घेत होती. सुनेने पेला हातातून काढून घेतला. आईने आधी पेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. दोघींना सगळं कळलं. आई इतकंच म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं. येईल परत." सुनेने मान डोलावली. त्यानंतर पाच घाणे झाले होते आणि प्रत्येक वेळी आई डोळे मिटून मान हलवत होती. सून आधी गुपचूप चाखून बघायची आणि आईकडे पाहून हलकेच पापणी मिटायची. आई पापणी बघून मान हलवायची. दोघींची ती चोरी सुखरूप चालली होती. पण त्या दिवशी आईने सुनेकडे पाहिलंच नाही, आणि सुनेनेही पळीला जीभ लावली नव्हती. तिची छाती झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कारखान्याच्या मागच्या फाटकाशी गेली. घरी सांगितलं की पाट्या विसरल्या. शिट्टी सावलीत खुर्ची टाकून बसला होता, शेजारी आणखी दोघे-तिघे कामगार.

"दादा, काल फवारणी केली ना, ती कुठल्या ढिगावर?"

"तुला कशाला पाहिजे?"

"भिंतीलगतच्या ढिगावर केली का तेवढं सांगा."

"माशा झाल्या होत्या. साहेबांच्या गाडीत शिरल्या. सांगितलं मार, मी मारलं. कुठं मारलं, कुठं नाही, कचऱ्याचा काय कुणी नकाशा काढतं का?" त्याने कामगारांकडे पाहिलं. "का गं, चोथा खायचाय का तुला?"

सगळे हसले. तिला सांगावंसं वाटलं की हो, आम्ही त्याचं खायचंच करतो. पण तिने दुसरंच विचारलं.

"औषध कुठलं होतं? डबा दाखवता का?"

आता शिट्टीचा चेहरा बदलला. तो उठून उभा राहिला. "हे बघ. चोथा फुकट नेताय म्हणून गप्प बसतोय. उद्या वर कुणाच्या कानावर घातलंस की मागच्या अंगणात विष मारतात वगैरे, तर हे फाटक बंद. तुमच्या पापुद्र्यांचा गाशा गुंडाळा मग. कळलं?"

विष हा शब्द त्यानेच उच्चारला. तिने नव्हता उच्चारला.

परतताना तिला रस्ता लांब वाटला. पायाखालची माती तापली होती आणि चपलेतून आत येत होती. ती स्वतःशी मोजत होती. विसातल्या चार पाट्या. म्हणजे पाचवा हिस्सा. दोन पाणी. तासभर उकळ. काय उरलं असेल? थोडंसंच. थोडंसं म्हणजे किती? एका अंजिराच्या पापुद्र्यात किती? लहान मुलाच्या पोटात किती? तिला हिशेब येत नव्हता आणि विचारायचं कुणाला तेही कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे शेड उघडली तर पापुद्रे छान सुटले होते. नवरा खुशीत होता. ताटामागून ताट उचलून नणंदेच्या हातात देत होता.

"अगं बघ तरी! या खेपेला एकसुद्धा मुंगी नाही."

मुंग्या म्हणजे या धंद्याचा छळ होता. रॅकच्या पायांना पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, दाराला राख टाकायची, तरी त्या कुठून तरी यायच्याच. प्रत्येक घाण्यात पाच-दहा ताटं मुंग्यांनी भोकं पाडून वाया जायची. नणंद त्यांना घरजावई म्हणायची.

"घरजावई रुसले वाटतं," नणंद म्हणाली. पाठीला हात लावूनच ती ताटं उचलत होती. "बरं झालं. फुकट खाणारे."

सून रॅकच्या खाली वाकली. वाट्यांतलं पाणी सुकलं होतं. परवापासून कुणी भरलंच नव्हतं. म्हणजे पाणी नाही, राख नाही, मुंग्यांना वाट मोकळी होती. शेडच्या भिंतीतल्या फटीतून त्यांची रांग ये-जा करत होती, रोजच्यासारखी, पण रॅकच्या पायापर्यंत येऊन वळत होती. आणि खालच्या ताटाशेजारी जमिनीवर तीन गांधीलमाश्या मेलेल्या पडल्या होत्या. पाय आत घेतलेले.

बाहेर घाम फुटावा असं ऊन आणि तिला थंडी वाजायला लागली.

"चला, पहिला पापुद्रा," नवऱ्याने हाक दिली.

आई खाटेवर बसली होती. पापुद्रा तिच्या हातात दिला. तिने या वेळी सुनेकडे पाहिलं. सुनेने पापणी मिटली नाही. डोळे मोठे केले आणि मान अगदी थोडी आडवी हलवली. आईने पाहिलं. तिला कळलं, यात शंका नाही. पण समोर मुलगा उभा, मुलगी उभी, आणि फाटकात टेम्पोचा आवाज आला. बागवान वेळेच्या आधीच आला होता.

आईने तुकडा तोंडात टाकला. चावला. "छान."

मग सगळ्यांनी नखाएवढा खाल्ला. सुनेने जिभेखाली धरला. तिथे काय लागलं? आधी गोड, मग आंबट, आणि मग जिभेच्या बाजूला बारीक मुंग्या आल्यासारखं बधिर. की ते भीतीनेच वाटलं? तिने मोरीत जाऊन थुंकलं, तीनदा चूळ भरली.

अंजिरं मऊ, अंगावर पांढरट तकाकी असलेली. बागवानाने पहाटे दवात तोडून आणली होती. देठ धरून एकेक उचलायचं, पापुद्र्याच्या मधोमध ठेवायचं, कडांना ओलं बोट फिरवायचं, मिटायचं. मिटलं की ते फळाला चिकटतं, सुटत नाही. सोडवायला गेलं तर साल फाटते. सून, नणंद आणि गावातून मजुरीला आलेल्या चौघी अशा सहा बायका ओळीने बसून गुंडाळत होत्या. गप्पा चालल्या होत्या. टेम्पो दुपारी शहरात पोहोचणार, तिथून दुकानांत, एका मोठ्या शाळेतही. बागवानच सांगत होता अभिमानाने.

"शाळेत मधल्या सुट्टीत देणार आहेत. पोरांना धुवायची कटकट नको म्हणून आपलंच फळ निवडलंय."

सुनेच्या हातातलं अंजीर खाली पडलं आणि फुटलं.

"अगं सांभाळून," नवरा म्हणाला. "एकेक मोलाचं आहे."

ती उठली. पाणी पिऊन येते म्हणाली. स्वयंपाकघरातून चिमूटभर साखर घेतली आणि शेडच्या मागे गेली, जिथे मुंग्यांची रांग भिंतीतून बाहेर यायची. रांगेच्या शेजारी जमिनीवर तिने साखरेचे दोन ढिगारे घातले. एक मातीवर. दुसरा पापुद्र्याच्या तुकड्यावर. आणि उकिडवी बसली.

इतका वेळ तिने आयुष्यात कधी कशाकडे पाहिलं नसेल. मातीवरच्या साखरेला मुंग्या लगेच लागल्या. एक आली, परत गेली, दहा घेऊन आली. पापुद्र्याच्या कडेला एक आली, मिशा हलवल्या, वळली. दुसरी आली. वळली. तिसरी मात्र चढली. दोन बोटं चालली, साखरेच्या कणापाशी थांबली, आणि मग तिचे मागचे पाय लटपटले. ती गोल फिरायला लागली. एकदा, दोनदा. मग कुशीवर पडली.

सून तिथेच मातीत बसली. शंका होती तोवर भीतीला निदान एक दार होतं. ते बंद झालं.

ती आईकडे गेली. आई खाटेवर एकटीच होती. सुनेने सगळं सांगितलं. बाजूचा ढीग, पंप, शिट्टी, गांधीलमाश्या, मुंगी. कुजबुजत, धापा टाकत.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "उकळलंय तासभर. गेलं असेल."

"नाही गेलं. मी आत्ता पाहिलं."

"मुंगीचा जीव तो केवढा. माणसाला काय होतंय."

"आई, शाळेत जाणार आहेत ती अंजिरं."

"मग काय करू? बाहेर जाऊन सांगू, मला चव कळत नाही? सहा महिने तुम्हाला सगळ्यांना फसवलं?" आईचा आवाज चिरका झाला. "या घरात माझं दुसरं राहिलंय काय? डोळे अधू, गुडघे गेले. एक जीभ होती. ती गेली म्हटलं की मी नुसतं खाटेवरचं ओझं. आणि तू काय सांगणार? की तूच घेऊन आलीस? तो माझा मुलगा आहे, मला माहीत आहे तो. तुला दारात उभं करणार नाही."

"मला माहीत आहे," सून म्हणाली. तिला रडू येत होतं.

आईने उशाखाली ठेवलेला राहिलेला पहिला पापुद्रा काढला. तुकडे तोडूनही तो हातरुमालाएवढा होता. त्याची घडी केली आणि तोंडात कोंबली. सून "आई!" म्हणेपर्यंत तिने चावायला सुरुवात केली होती.

"हे बघ. खाल्ला. काही होत नाही. जा आता, गुंडाळ."

सून गेली. काय करणार? ओळीत जाऊन बसली. बोटं चालत होती आणि ती दर दोन मिनिटांनी खाटेकडे पाहत होती. आई ताठ बसली होती. पंधरा मिनिटं. वीस. मग आईने पदराने तोंड पुसलं. परत पुसलं. तोंडाला पाणी सुटत होतं. कपाळावर घामाचे मोठे थेंब आले. ऊन तर होतंच, सगळ्यांना घाम होता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. आईने डोळे चोळले, जणू धूसर दिसतंय.

चाळिसावा क्रेट भरला. टेम्पोवाल्याने ताडपत्री सैल केली. चढवायला सुरुवात झाली. दोन, पाच, नऊ.

बागवानाने एका क्रेटमधून एक गुंडाळलेलं अंजीर उचललं आणि खाटेपाशी गेला. त्याची ही नेहमीची रीत. "आजी, शेवटचं तोंड लावा. म्हणजे मी निघतो."

आईने हात पुढे केला. हात थरथरत होता. अंजीर ओठांपर्यंत गेलं. सून जागेवरून कशी उठली तिला आठवत नाही. तिने आईचं मनगट धरलं.

"नको," ती म्हणाली. इतकंच.

"अगं, हे काय?" नवरा पुढे आला. "सोड आईचा हात."

सून सोडेना. तिचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. बायकांचे हात थांबले. टेम्पोवाला दहावा क्रेट पोटाशी धरून उभा राहिला.

मग आईने दुसऱ्या हाताने सुनेचा हात बाजूला केला, अंजीर मांडीवर ठेवलं, आणि मोठ्याने म्हणाली, "मला चव कळत नाही."

"हिवाळ्यापासून कळत नाही. दूध नासलेलं कळत नाही, मीठ कळत नाही. इतके दिवस हिच्या डोळ्यांकडे बघून मान हलवत होते. आणि आज ही नको नको म्हणत होती तरी हलवली." तिने श्वास घेतला. लाळ हनुवटीवर आली, ती तिने पुसली नाही. "क्रेट उतरवा. यात औषध आहे. माझ्या पोटात आता कळा मारताहेत. बघा काय ते."

"चोथा मी आणला," सून म्हणाली. आता आवाज फुटला. "भिंतीलगतच्या ढिगातून. ओला होता म्हणून ताजा वाटला. फवारलेला होता. मला वास आला होता आणि मी गप्प बसले."

नवऱ्याचा हात वर गेला. सगळ्यांनी पाहिलं. आणि त्याच क्षणी आई खाटेवरून एका कुशीला कलली आणि ओकली. त्याचा वर गेलेला हात तिला सावरायला खाली आला.

टेम्पोवाल्याने क्रेट नंतर उतरवले, आधी आईला टेम्पोत घातलं. बागवान स्वतः पुढे बसला. सुनेने आईचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना वीस मिनिटांवर होता आणि त्या वीस मिनिटांत आई दोनदा तिच्या अंगावर ओकली. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, विचारलं, "काय फवारलं होतं?" सुनेला नाव सांगता येईना. नवरा मोटरसायकलवरून कारखान्यात गेला आणि शिट्टीची गचांडी धरून डबाच घेऊन आला. दुपारभर सलाईनच्या बाटल्या बदलल्या. नणंदेला आणि नवऱ्यालाही तपासलं, ते नखाएवढ्यावर सुटले होते. सुनेला विचारलं, "तुम्ही?" ती म्हणाली, "मी थुंकले." हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई तीन दिवस तिथे राहिली. चौथ्या दिवशी घरी आली, अंगातलं पाणी निघून गेलेल्या माणसासारखी.

चाळीस क्रेट अंजिरं शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणून पुरली. बागवान खड्ड्यापाशी उभा होता. एकेक क्रेट रिकामा होताना बघत होता. शेवटी त्याने रिकामे क्रेट मोजलेही नाहीत, टेम्पोत टाकले आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवरा सुनेशी आठ दिवस बोलला नाही. तिचं ताट ती स्वतःच वाढायची, जेवायची मोरीच्या कडेला बसून. बायका पाणी भरायला आल्या की तिच्या घड्याकडे बघायच्या आणि आपला घडा थोडा लांब सरकवायच्या. कारखान्याचं फाटक बंद झालं नाही. उलट शिट्टीची नोकरी गेली आणि नवीन मुकादमाने ढिगांवर खडूने खुणा करायला सुरुवात केली. पण शेडमधली ताटं उभी करून ठेवली होती. पालीने त्यांच्यामागे अंडी घातली.

नवव्या दिवशी नवराच म्हणाला. भिंतीकडे बघून म्हणाला, पण तिला म्हणाला. "खुणेचा ढीग आणलाय. तू हुंग आधी."

तिने हुंगला. पहिल्या पाण्याआधी, दुसऱ्यात, तिसऱ्यात. विहिरीत उतरून त्याने तिसरं पाणी भरलं होतं. ती दर वेळी फक्त मान हलवत होती. शिजवला, गाळला, पसरला, वाळवला. दोन दिवस ती शेडच्या दारातच बसून होती.

तिसऱ्या सकाळी बागवान आला. टेम्पो नव्हता. खांद्यावर एकच क्रेट होता. अंगणात ठेवला आणि लांब उभा राहिला.

"बघायला आलोय," तो म्हणाला.

पहिला पापुद्रा सोडवला. नवऱ्याने तो सवयीने आईपुढे धरला. आईने घेतला आणि सुनेच्या हातात दिला. सुनेने तो घेतला आणि शेडच्या मागे गेली. सगळे तिच्यामागून आले. आईसुद्धा, नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून. सुनेने भिंतीतल्या फटीपाशी जमिनीवर पापुद्र्याचा तुकडा ठेवला, आणि पाचही जणं त्याच्याभोवती वाकून उभी राहिली. ज्या मुंग्यांना त्यांनी सहा वर्षं शिव्या घातल्या होत्या, त्यांची वाट बघत.

एक आली. मिशा हलवल्या. वळली.

नणंदेने आईचा हात घट्ट धरला. नवरा आणखी खाली वाकला.

ती मुंगी परत आली. चढली. कडेवरून मध्ये गेली, थांबली, तोंड लावलं. मग दुसरी आली. तिसरी. थोड्या वेळाने कडा काळी दिसायला लागली. आणि एकीचेही पाय लटपटले नाहीत.

"लागले गं घरजावई," नणंद म्हणाली आणि मग तोंडावर हात धरून रडायला लागली.

बागवान हलला नव्हता. तो मुंग्यांकडे बघत नव्हता, सुनेकडे बघत होता. तिला कळलं तो काय बघतोय. तिने हातातल्या पापुद्र्याचा मोठा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. भीती गेली नव्हती. ती दातांत होती, जिभेत होती. गेल्या वेळचं बधिरपण आठवत होतं. पण ती चावत राहिली आणि सगळ्यांसमोर गिळलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "आणि मागाहून जरासा तुरट."

बागवानाने क्रेट उचलला आणि सावलीत आणून ठेवला.

आई तिच्याकडे टक लावून बघत होती. तिचे अधू डोळे सुनेच्या ओठांवर होते. तिने हात पुढे करून सुनेच्या गालाला लावला, जिथे आतून अजून जीभ फिरत होती.

"तुरट म्हणजे कसा गं?" तिने हळूच विचारलं. "जरा सांग ना मला. मला आठवतच नाहीये."